मोटारीचें चाक बदलण्यापूर्वीं

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारांत बैलगाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या शेजारीं मोटारहि येऊन उभी राहिली आहे. मोटार घेतांना आपण दहा ठिकाणीं चौकशी करतों. इंजिन पाहतों, तेल किती खाते तें विचारतों. चाकाकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं, आणि जो पाहतो तो तें दिसतें कसें एवढेंच पाहतो. त्यांतून हल्लीं अशी एक चाल पडली आहे कीं, घरीं आलेल्या गाडीचीं मूळचीं चाकें काढून त्यांच्या जागीं मोठ्या रिमचीं, चपट्या रबराचीं, चकचकीत चाकें बसवावयाचीं. तालुक्याच्या गांवींहि अशीं चाकें दुकानासमोर टांगलेलीं दिसूं लागलीं आहेत. या बदलानें गाडीच्या चालण्यांत काय फरक पडतो, याचा प्रस्तुत लेखांत थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विचारास निमित्त झालें तें आमच्या एका स्नेह्यांचें. ते निफाड तालुक्यांतील द्राक्षबागाईतदार आहेत. त्यांच्या घरच्या लहान मोटारीला मूळचीं १५ इंची रिमचीं चाकें होतीं. थोरल्या चिरंजीवांच्या आग्रहावरून त्यांनीं तीं काढून १७ इंची बसविलीं. गाडी डौलदार दिसूं लागली, हें आम्हीहि कबूल करतों. पुढें दीड महिन्यानें त्यांच्या वृद्ध मातोश्री पडल्या, मांडीचें हाड मोडलें, आणि नाशिक येथें शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांस घरीं आणावयाचें झालें. त्या दिवशीं आम्ही बरोबर होतों. हमरस्ता होता तोंपर्यंत सर्व ठीक चाललें. मळ्याकडे वळणाऱ्या शेवटच्या पांच-सहा किलोमीटरांत मात्र गाडी खडीच्या प्रत्येक उंचवट्यावर अशी आदळूं लागली कीं, त्या माउलीनें दोन वेळां गाडी थांबवावयास लाविली, आणि अखेरीस “अरे, मला बैलगाडींत घाल बाबा” असें म्हटलें. मोडलेल्या हाडाला कोणताहि रस्ता खडबडीतच लागणार, हें खरें. परंतु पुढें बसलेले आम्ही तर धडधाकट होतों. त्याच गाडींतून त्याच वाटेनें आम्ही पूर्वीं अनेक वेळां गेलों होतों, आणि फरक आमच्या पाठीच्या कण्यालाहि कळत होता.

या फरकाचें कारण समजण्यासाठीं प्रथम आपल्या जुन्या बैलगाडीच्या चाकाकडे पाहूं. मध्यें तुंबा, त्यांत बसविलेले आरे, त्यांवर लांकडी घेर आणि घेरावर चढविलेली लोखंडी धाव, अशी त्याची रचना. तें चाक सुतारानें उंच केलें तें शोभेसाठीं केलें नाहीं. उंच चाक लहान खड्ड्यांत पुरतें उतरत नाहीं, त्याच्या कांठावरूनच पार होतें. आणि वाटेंत आलेल्या दगडावर चढणें त्याला सोपें जातें. तोच दगड बुटक्या चाकाला भिंतीसारखा आडवा येतो. हा उंचीचा गुण झाला. परंतु लोखंडी धाव जरासुद्धां दबत नाहीं. चाक दगडावर चढलें कीं आंस तितकाच वर उचलला जातो, आंसाबरोबर साटा उचलला जातो, आणि तो हिसका शेवटीं जुवांतून बैलांच्या खांद्यावर बसतो. पुढें रबरी टायरच्या गाड्या आल्या. त्यांचीं चाकें जुन्या चाकांच्या मानानें अगदीं बुटकीं. तरी गाडी मऊ चालते व बैल कमी थकतात, हें ऊस कारखान्यावर नेणाऱ्यांना सांगावयास नको. याचें कारण, येथें दगडाला जागा करून देणारी एक नवीन वस्तु आली, ती म्हणजे हवा. दगड टायरमध्यें घुसतो, टायर तेवढ्यापुरता दबतो, आणि आंस जवळजवळ आपल्या पातळीवरच चालत राहतो.

तेव्हां चाकापासून मिळणारें सुख दोन प्रकारचें आहे. एक चाकाच्या एकंदर उंचीचें, आणि दुसरें रिम व रस्ता यांच्यामधील हवेच्या थराचें. मोठ्या रिमच्या नादीं लागणाऱ्यांचा घोटाळा होतो तो येथेंच. रिम मोठी झाली म्हणजे चाक मोठें झालें, असें त्यांना वाटतें. वस्तुतः मोटारीच्या चाकाची बाहेरची उंची तीच ठेवावी लागते, आणि रिम जितकी वाढते तितका हवेचा थर कमी होतो.

हवेचा हा उपयोग प्रथम सुचला तो रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थांस. त्यांनीं १८४५ सालीं त्याचें पेटंट घेतलें, पण तें फारसें कोणाच्या कामीं न येतां विस्मृतींत गेलें. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप यांनीं तीच गोष्ट पुन्हां शोधून काढली. हे डनलॉप धंद्यानें गुरांचे डॉक्टर होते, हें वाचून आमच्या वाचकांस गंमत वाटेल. मुलाच्या तीनचाकी सायकलीला बसणारे हिसके कमी व्हावेत, एवढ्यासाठीं त्यांनीं हा खटाटोप केला होता. मोटारी निघाल्यावर त्यांनाहि हे टायर आले. फोर्ड कंपनीच्या सुप्रसिद्ध टी-मॉडेलचे टायर ३० इंच उंच पण अतिशय अरुंद असत, आणि तशा टायरांत पन्नास-साठ पौंड हवा ठासून भरावी लागे. १९२३ सालीं अमेरिकेंतील फायरस्टोन कंपनीनें रुंद, फुगीर आणि निम्म्या हवेवर चालणारे ‘बलून’ टायर काढले, आणि मोटारींतील बसणें एकाएकीं सुखाचें झालें. आपल्याकडील जुन्या जीपचा टायर ६.००-१६, आणि ॲम्बॅसडरचा ५.९०-१५, दोहोंत रिमपासून जमिनीपर्यंत पांच इंचांहून अधिक रबर व हवा. ॲम्बॅसडरमध्यें बसून ज्यांनीं खेड्यांतले रस्ते तुडविले आहेत ते तिचें नांव अजून प्रेमानें घेतात. त्या प्रेमाचा कांहीं वांटा या जाड बगलेच्या टायरांकडेहि जातो.

आतां हल्लींच्या टायरवर काय लिहिलेलें असतें तें वाचूं. बगलेवर १८५/६५ आर १५ असें लिहिलें असेल, तर १८५ हा टायरच्या रुंदीचा आंकडा, मिलिमीटरमध्यें. ६५ म्हणजे बगलेची उंची रुंदीच्या शेंकडा ६५. अर्थात् १२० मिलिमीटर. ‘आर’ हें आंतील दोरे आडवे घालण्याच्या रेडियल पद्धतीचें चिन्ह. १५ ही रिमची इंचांतील उंची, म्हणजे ३८१ मिलिमीटर. रिमच्या वरची एक बगल आणि खालची एक, मिळून २४०. त्यांत ३८१ मिळविले कीं सर्व चाक ६२१ मिलिमीटर उंच झालें. हा हिशेब विहिरीच्या रहाटाच्या हिशेबापेक्षां अवघड नाहीं, आणि तो कागदावर स्वतः मांडल्याशिवाय कोणीहि चाक विकत घेऊं नये.

गाड्यांचे कारखानदार हा हिशेब कसा करतात त्याचें उदाहरण पाहा. मारुती स्विफ्ट ही मोटार आपल्या भागांत सर्वांच्या ओळखीची. तिच्या स्वस्त प्रकारांना १६५/८० आर १४ हे टायर येत, आणि महाग प्रकाराला १८५/६५ आर १५. पहिल्याची उंची ६२० मिलिमीटर भरते, दुसऱ्याची ६२१. बाहेरून दोन्ही चाकें सारखींच. पण स्वस्त चाकाची बगल १३२ मिलिमीटर आहे, महागाची १२०. खडबडीत वाटेवर अधिक हवा मिळाली ती कमी पैसे देणाऱ्याला, ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहींत. आमच्या स्नेह्यांनीं १८५/६५ आर १५ काढून २०५/४५ आर १७ घातले होते. त्याची बगल ९२ मिलिमीटर. म्हणजे हवेच्या थराचा जवळजवळ चवथा हिस्सा गेला, आणि त्याच्या जागीं धातु आला. बाहेरची उंची मात्र ६१६, म्हणजे मूळच्यापेक्षां किंचित् कमीच!

बगल आंखूड झाली म्हणजे ती कमी वांकते. मोटारीला कमानी व शॉकॲब्सॉर्बर असतात, मग टायरचें एवढें काय, असा प्रश्न कोणी करील. कमानी मोठे व सावकाश येणारे उंचवटे सोसतात. खडी, डांबराचे उखडलेले तुकडे, फरशीचे सांधे, असे जे बारीक व झटपट येणारे ठोके, ते कमानीपर्यंत पोंचण्यापूर्वींच टायरनें गिळावयाचे असतात. टायरनें ते गिळले नाहींत, तर ते तसेच वर जातात, आणि गाडींत दाणदाण व खडखड सुरू होते. गाडीचे स्क्रू ढिले होतात, दारें वाजूं लागतात, जोडांतील रबरी तुकडे लवकर झिजतात. धारदार कांठाच्या खड्ड्यांत चाक जोरानें गेलें तर आंखूड बगल पुरती चेपते आणि रिमच रस्त्यावर आपटते. रिम वांकते, हवा हळूहळू गळूं लागते, किंवा बगलेच्या आंतील दोरे तुटून तेथें लिंबाएवढा फुगा येतो. असा फुगा आलेला टायर कितीहि नवा असला तरी टाकून द्यावा. तो कोणत्या वेळीं फुटेल याचा भरंवसा नाहीं.

वजनाचीहि गोष्ट आहे. काळ्या रानांत पाऊस पडल्यावर चालतांना जोड्याला चिखलाचे गोळे बसतात, तेव्हां चालणें किती जड होतें! तेवढेंच वजन डोक्यावर घेतलें तर जाणवणारहि नाहीं. मोटारीचें तसेंच आहे. कमानींच्या वर असलेलें वजन कमानी झेलतात. कमानींच्या खालीं असलेलें, म्हणजे चाक, टायर, ब्रेक यांचें वजन प्रत्येक उंचवट्याबरोबर वर उडतें व खालीं आपटतें. तें जड असलें तर शॉकॲब्सॉर्बरला तें आवरत नाहीं आणि चाक रस्त्यावर नाचूं लागतें. नाचणारें चाक रस्ता धरीत नाहीं, ब्रेकहि नीट लागत नाहीं. ॲलॉयचीं चाकें हलकीं असतात अशी समजूत आहे. चांगल्या कारखान्याचीं, मूळच्याच मापाचीं असलीं तर तीं बहुधा हलकीं असतात. पण दोन इंचांनीं मोठें व स्वस्तांतलें ॲलॉय मूळच्या लोखंडी चाकापेक्षां जड भरूं शकतें. घेण्यापूर्वीं दोन्ही चाकें वजनकांट्यावर घालून पाहावींत. कांटा तर आपल्या प्रत्येकाच्या खळ्यावर असतोच.

कोणी बाहेरची उंचीच वाढवितात. १८५/६५ च्या जागीं त्याच रिमवर २०५/६५ घातला, तर चाक ६२१ चें ६४७ होतें. गाडी १३ मिलिमीटर वर उचलली जाते आणि हवेचा थरहि वाढतो, तेव्हां खराब रस्त्यावर बरें वाटतें. परंतु चाकाची एक फेरी आतां शेंकडा चार अधिक जमीन कापते आणि स्पीडोमीटरला याची वार्ता नसते. कांटा ६० दाखवितो तेव्हां गाडी साडेबासष्टानें धांवत असते. चढावर ओढ तितक्याच प्रमाणांत कमी होते, जणूं सर्व गिअर थोडेसे उंच केले. त्यांतून भरल्या गाडींत वळण घेतांना टायर आंतल्या पत्र्याला घांसूं लागला तर तो कापला जातो. मूळच्या उंचीपासून शेंकडा दोन-तीनपेक्षां अधिक दूर जाऊं नये, असा सामान्य नियम आहे.

रुंदीचें तारतम्य निराळें. टायर रुंद केला म्हणजे रस्त्याला अधिक चिकटतो, असें सर्रास म्हणतात. भरलेल्या लहान मोटारीच्या एका चाकावर ३०० किलो वजन येतें असें समजूं. आंत ३० पौंड हवा असेल, तर तें वजन तोलण्यास सुमारे १४० चौरस सेंटिमीटर जागा पुरते, एका तळहाताएवढी. हवा तीच ठेवून टायर रुंद केला, तर ही जागा वाढत नाहीं, तिचा आकार बदलतो. पूर्वीं ती लांबट होती, आतां आडवी होते. कोरड्या गुळगुळीत रस्त्यावर वळतांना याचा फायदा आहे. पावसाच्या साचलेल्या पाण्यांत मात्र अरुंद टायर पाणी कापतो, रुंद टायर लवकर त्यावर तरंगूं लागतो. आपल्या पाणंदींतून ज्यांना जावें लागतें त्यांनीं आणखी एक पाहावें. रुंद चाकें बाहेर काढून बसविलीं, तर तीं ट्रॅक्टरनें पाडलेल्या चाकोरींत नीट बसत नाहींत. गाडी बाजूला ओढते, सुकाणूचें चाक हातांत फिरतें, आणि बेअरिंगवर बाहेरून जो ताण येतो तो कारखानदारानें कधीं हिशेबांत धरलेला नसतो.

ट्रॅक्टरचें उदाहरण या विषयांत फार बोलकें आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या आंसाला कमानी नसतातच. अमेरिकेंत १९३२ सालीं ॲलिस-चामर्स कंपनीनें आपल्या ‘यू’ मॉडेलला हवेचे टायर देऊं केले. तोंवर ट्रॅक्टर लोखंडी दांत्यांच्या चाकांवर चालत आणि हांकणाऱ्याचें अंग दिवसभर खिळखिळें होई. आजहि बसणाऱ्याच्या गादीखेरीज तेथें जी काय स्प्रिंग आहे ती टायरांतील हवाच. नांगरटीसाठीं मागच्या टायरांत पाणी भरतात, तेव्हां ट्रॅक्टर रस्त्यावर कसा ठोकर मारीत चालतो, तें आठवावें. पाणी दबत नाहीं, आणि हवेला फारशी जागा उरलेली नसते. मोठी रिम घालणारा मनुष्य पाण्याऐवजीं धातु भरून मोटारीचें तेंच करतो.

मोठ्या रिमांत कांहींच गुण नाहींत, असें मात्र कोणीं समजूं नये. बगल आंखूड असली कीं वळतांना गाडी कमी झुकते, सुकाणूला तत्काळ उत्तर देते. मोठ्या रिमच्या पोटांत मोठे ब्रेक बसतात. ज्यांचें येणें-जाणें मुख्यतः समृद्धी महामार्गासारख्या सडकेवरून होतें, त्यांना हे गुण उपयोगाचे आहेत. मात्र तेथें तासन् तास वेगानें चालतांना हवा कमी असलेला टायर, रिम लहान असो कीं मोठी, बगलेंत सारखा वांकून तापतो व फुटतो. तेव्हां निघण्यापूर्वीं टायर थंड असतांना हवा मोजावी. गाडी मऊ चालावी म्हणून हवा कमी करणें हा आमच्या मतें सर्वांत वाईट उपाय. चपट्या टायरांत तर तो थेट रिमवर बेततो.

डोंगरी व रानवाटेच्या गाड्यांतहि हाच प्रकार दिसतो. २०२० सालीं आलेल्या महिंद्र थारला एका प्रकारांत २४५/७५ आर १६ टायर होते आणि दुसऱ्यांत २५५/६५ आर १८. पहिल्याची बगल १८४ मिलिमीटर, दुसऱ्याची १६६. वाळूंत व खडकांत गाडी घालणारे जाणते लोक अशा वेळीं बहुधा लहान रिम पसंत करतात. पत्रिकेंतील चित्रांत मात्र १८ इंची अधिक देखणी दिसते.

तेव्हां चाक बदलावयाचेंच असेल, तर गाडीच्या दाराच्या चौकटीवर किंवा माहितीपुस्तकांत कारखानदारानें जीं मापें दिलीं आहेत त्यांतीलच घ्यावें. लहान रिमकडे जातांना ती ब्रेकच्या भागांना अडत नाहीं ना, हें प्रथम पाहावें. मापाच्या पुढें जो भार-अंक असतो तो तपासावा: ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ८४ म्हणजे ५००. आमच्या स्नेह्यांचे १७ इंची टायर ८४ चे निघाले. मूळचे ८८ चे होते. म्हणजे पैसे अधिक देऊन चार टायरांवर मिळून २४० किलोंची ताकद त्यांनीं गमावली होती, आणि हीच गाडी हंगामांत द्राक्षांच्या पेट्यांनीं भरून जात असे. बगलेवरील शेवटचे चार आंकडे टायर केव्हां झाला तें सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली कीं तो बदलावा. नोंदणीच्या कागदांतील मूळ बाबींशीं विसंगत असा फेरफार गाडींत करूं नये, असें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आहे. अपघातानंतर विमा कंपनीनें तें पुढें केलें तर नवल मानूं नये.

आमच्या स्नेह्यांनीं मातोश्री घरीं आल्या त्याच आठवड्यांत जुनीं चाकें परत बसविलीं. सुदैवानें तीं विकलीं नव्हतीं. पुढें तपासणीसाठीं नाशिकला जाण्याचे तीन वेळां प्रसंग आले, त्यांत आजींनीं गाडी थांबवावयास सांगितलें नाहीं. पहिल्या खेपेस तर त्यांना मळ्याच्या वळणावर डुलकीच लागली होती. १७ इंची चाकांपैकीं एक खड्ड्यांत वांकलेलें निघालें, तेव्हां दुकानदार तीं परत घेईना. तीं चारीहि आतां कांद्याच्या चाळींत एकावर एक रचून ठेविलीं आहेत, आणि चिरंजीव त्यांना गिऱ्हाईक शोधीत आहेत.